निळी पडलेली मोरळी

कंपनीत ब्रेक लागला की नाथा म्हात्रेच्या हातांचं काय करायचं, हा प्रश्न घरात सगळ्यांनाच पडायचा. रोह्याजवळच्या एका कंपनीत तो ठेकेदाराकडून फिटर होता. ठेक्याच्या माणसांना वर्षातून एकदा महिनाभर घरी बसवत, म्हणजे कुणी कायम होण्याचा हक्क सांगायला नको. बाकीचे लोक त्या महिन्यात लावणी उरकत, पत्ते कुटत, सासुरवाडीला जाऊन येत. नाथाची लावणी चार दिवसांत संपायची आणि पाचव्या दिवसापासून तो घरातल्या वस्तूंकडे बघत फिरायला लागायचा.

एका ब्रेकमध्ये त्याने भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं. ते नंतर चाललं, पण दिवसाला पाऊण तास पुढे. एका ब्रेकमध्ये स्टोव्हचा नंबर लागला. पंच्याण्णवच्या आषाढात त्याने हत्यारं पाजवायला घेतली.

सुरुवात भाजीच्या सुरीपासून झाली. मग कोयता. मग भात कापायचे विळे, ज्यांना अजून तीन महिने कुणी हात लावणार नव्हतं. मग शेजारच्या हौसाकाकीची कात्री. तिचं एक पातं त्याने इतकं घासलं की दोन पाती एकमेकांना भेटेनाशी झाली. कात्री कापड कापत नाही, चघळते, असं सांगून हौसाकाकी ती त्याच्या पायाशी ठेवून गेली. नाथाला त्याचंही फारसं काही वाटलं नाही. कुठे चुकलं ते बघायला त्याने ती लगेच खोलली.

पुतळी, त्याची बायको, हे सगळं बघत होती आणि आपली मोरळी जपत होती. मोरळी म्हणजे लाकडी पाटावर उभ्या पात्याची, मासे कापायची विळी. पेणच्या मच्छीबाजारात पुतळी दहा वर्षं बसत होती. तिच्या आधी त्याच जागेवर तिची आई सरू बसायची, आणि मोरळी सरूचीच होती. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याच्या पोलादातून लोहाराने घडवलेली. पातं काळं, जाड, बाकदार. जिताड्यासारख्या मोठ्या माशाचं डोकं एका दाबात दोन करणारं. पुतळी रोज सकाळी निघण्याआधी एक लहानसा दगड पाण्यात बुडवून त्यावर पाचसहा वेळा फिरवायची, की झालं काम.

त्यांच्या ओळीत एक रीत होती. मासा कुणाकडूनही घेतलेला असो, तो जिच्या मोरळीवर कापला गेला, गिऱ्हाईक तिचं. एखादीची मोरळी अडली आणि शेजारणीने मासा कापून दिला, तर पुढच्या वेळी ते गिऱ्हाईक शेजारणीच्या टोपलीपुढे उभं राहणार आणि पहिलीने त्याला हाक मारायची नाही. हे कुणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं, पण त्यावरून भांडण झालेलंही कुणाला आठवत नव्हतं.

एका सोमवारी पुतळी दुसऱ्याच्या शेतावर लावणीला गेली. नाथाने मोरळी पाटासकट गोणपाटात गुंडाळली आणि हायवेवरच्या गोविंदाच्या वेल्डिंगच्या दुकानात नेली.

चोरून नेली असं त्याला वाटलं नाही. त्याला पुतळीला थक्क करायचं होतं. दगडावर पाचसहा वेळा फिरवणं म्हणजे काय धार लावणं झालं, असं तो तिला कितीदा म्हणाला होता. गोविंदाकडे मोटरवर फिरणारं घासचाक होतं, मिनिटाला तीन हजार फेऱ्यांचं. पातं टेकवलं की ठिणग्यांचा पिसारा फुलायचा. नाथाने एका बाजूने घेतलं, मग दुसऱ्या बाजूने. चाकापुढे पाण्याचा डबा होता, पण तो कोरडा होता आणि पंप मागच्या अंगणात. पाणी आणायला जाण्याएवढा दम नाथाला नव्हता. पातं गरम झालं तेव्हा त्याने ते चिंध्यांत धरलं. धारेच्या कडेने आधी पिवळसर, मग जांभळी, मग मोरपंखी निळी रेघ उमटली, आणि ती त्याला सुंदर वाटली. मनगटावरचे केस त्या धारेने साफ निघाले.

बुधवारी पुतळी बाजारातून आली आणि मोरळी बरी चालली म्हणाली. पुतळीच्या तोंडून ‘बरी’ म्हणजे पुष्कळ होतं. नाथा त्या रात्री जेवताना दोनदा उठून मोरळी बघून आला.

शुक्रवारी ती म्हणाली की दुपारनंतर जड गेली. सकाळी दगड फिरवला होता, तरी. नाथाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

रविवारी ठाकूर वकील आले. दर रविवारचं गिऱ्हाईक, सरूच्या काळापासूनचं. त्यांनी चार किलोचा जिताडा निवडला. पुतळीने डोक्याच्या मागे पातं टेकवून दाबलं, तर ते खवल्यांवरून घसरलं. पुन्हा दाबलं, तर मांस चेचलं आणि हाड तसंच. तिसऱ्या वेळी मासा तिच्या हातातून सुटून पाटावर आपटला. वकील घड्याळ बघत होते. शेजारी चंद्रावती बसायची. तिने हात पुढे केला, जिताडा घेतला, आपल्या मोरळीवर दोन दाबांत डोकं वेगळं केलं आणि तुकडे पाडून दिले. वकील गेल्यावर म्हणाली, “गो पुतळे, मोरळीचं दात पडलं का? का दादला घरी बसलाय म्हणून तिलाबी बसवलंस?”

ओळीतल्या बायका हसल्या. पुतळीही हसली. न हसून चालणार नव्हतं.

घरी आल्यावर तिने मोरळी नाथापुढे आडवी ठेवली आणि हातपाय धुवायला गेली. परत येऊन समोर बसली.

“काय केलं तुमी हिला?”

नाथाने सांगितलं. घासचाकाच्या फेऱ्या, ठिणग्या, मनगटावरचे केस, सगळं. पुतळी ऐकत राहिली. मग तिने ठाकूर वकिलांचं सांगितलं. शुक्रवारी आणखी दोघांचे मासे चंद्रावतीने कापले होते, तेही सांगितलं. येत्या बुधवारी नाही, त्याच्या पुढच्या बुधवारी गटारी आली होती. श्रावण लागायच्या आधी अख्खं पेण मासे घ्यायला त्या दिवशी लोटतं. त्या दिवशी अशी मोरळी घेऊन बसली, तर संध्याकाळपर्यंत आईची सगळी गिऱ्हाइकं दुसऱ्यांची होतील, मग श्रावण संपला तरी टोपली घेऊन तिने तिथं बसायचं कशाला, एवढंच ती म्हणाली.

नाथाने कानस आणली. पात्याच्या पाठीकडे घासली, तर कानस काचेवरून जावी तशी सरकली. धारेकडे घासली, तर ती रुतली आणि लोखंडाचा कीस खाली पडला. त्याने कानस खाली ठेवली. एवढं त्याला कंपनीतल्या जुन्या फिटरांकडून माहीत होतं. पोलाद तापवून पाण्यात विझवलं की कडक होतं, त्याला पाणी देणं म्हणतात. तेच पोलाद नंतर निळं होईपर्यंत तापलं तर ते पाणी उतरतं आणि मऊ पोलादाला कितीही धार लावा, दोन मासे कापेपर्यंत टिकते. धार गेली नव्हती. धारेखालचं पोलादच गेलं होतं.

त्याने बाजारातली नवी, चकचकीत मोरळी आणून देऊ का विचारलं. पुतळीने चंद्रावतीच्या सुनेकडे तशी पाहिली होती. बोंबलाला ठीक, जिताड्याच्या डोक्यावर वाकते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो रोह्याला गेला. तिथे जनू लोहाराचा भाता अजून चालू होता. म्हाताऱ्याने पातं उजेडात तिरकं धरलं, निळ्या रेघेवरून नख फिरवलं आणि वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. मग दोन वाटा सांगितल्या. एक, सगळं पातं पुन्हा तापवायचं, पुन्हा पाणी द्यायचं. तासाभराचं काम. पण जुनं पोलाद, आत कुठे बारीक चीर असेल तर पाण्यात घालताच तडकणार, आणि ते आधी कळत नाही. दुसरी वाट, निळं झालेलं तेवढं हाताने, थंड, दगडाने घासून टाकायचं. आत चांगलं पोलाद आहे. अर्धं सूत, म्हणजे नाण्याच्या जाडीएवढं, खाली गेलं की लागेल. पण चाकावर नाही, आणि घाई नाही.

“किती दिवस?” नाथाने विचारलं.

“तुज्या हातावर हाय. आठ धर.”

तासभर आणि आठ दिवस. नाथाने पातं भात्याकडे सरकवलं. जनूने ते घेतलं नाही. मोरळी कुणाची, असं त्याने विचारलं. बायकोची म्हटल्यावर तो चिमट्याने निखारे सारखे करत राहिला, मग म्हणाला, “मंग तिला इच्यारून ये. तडकली तर ती मला शिव्या देल, तुला नाय.”

परतीची गाडी उशिरा होती. नाथा फलाटावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहिला. गोणपाटातली मोरळी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेत होता. निडी स्टेशनात गाडी थांबली ती अर्धा तास हललीच नाही. तो खाली उतरला, रुळांकडे बघून आला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. मनात तो पुतळीशी वाद घालत होता. तडकण्याची भीती शंभरात दहा, असं तिला सांगायचं त्याने ठरवलं. मग वाटलं दहा म्हटलं तर घाबरेल, पाच म्हणू. खरं किती ते त्याला माहीत नव्हतं, जनूलाही नव्हतं.

घरी आल्यावर त्याने आकडा सांगितलाच नाही. दोन्ही वाटा जशा ऐकल्या तशा सांगितल्या. पुतळीने फार विचार केला नाही.

“आग नको. एकदा दाखवलीत तेवढी बस. दगडानं करा.”

“गटारीपर्यंत व्हईल का नाय, सांगता येत नाय.”

“मंग आतापासून बसा.”

मंगळवारी तो पेणच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. दुकानदाराने त्याच्यापुढे चार वस्तू मांडल्या: टेबलाला लावून हाताने फिरवायचं घासचाक; दोन चकत्यांमधून सुरी ओढायची प्लॅस्टिकची नवी युक्ती; आठ इंची दुतोंडी दगड, एकीकडून खरखरीत, दुसरीकडून मऊ; आणि तसाच पण बोटाएवढा छोटा दगड, यंत्रांचे बारीक भाग घासायचा. घासचाकाकडे नाथाचा हात आपोआप गेला. त्याने मूठ एकदा फिरवली, तो आवाज ऐकला आणि हात मागे घेतला. प्लॅस्टिकच्या युक्तीत मोरळीचं पातं शिरलंच नसतं. आठ इंची दगडावर सुरी ओढता येते, पण मोरळी पाटात ठोकलेली, तिला दगडावर कसं ओढणार? उपटली तर पाटातली तिची जागा सैल होणार. तेव्हा पातं जागेवर राहील आणि दगड त्याच्यावरून फिरेल, हे उघड होतं. बाकदार पात्याला लांब दगड नुसता एका ठिकाणी टेकतो. त्याने बोटाएवढा दगड घेतला. दुकानदार म्हणाला, यावर तेल टाका, दगड भरत नाही. घरी पुतळीने तेलाची बाटली बाजूला केली. माशाच्या मोरळीला मशिनच्या तेलाचा वास लागला, तर उरलेली गिऱ्हाइकंही जातील. पाणी लावायचं ठरलं.

आणि मग बसणं आलं.

पहिल्या दिवशी तो अर्धा तास बसला, उठला, पाणी प्यायला, बसला, उठून पावसाकडे बघून आला. दगडाचा उतार दर वेळी वेगळा पडत होता. दुपारी त्याने चुलीची काजळी घेऊन धारेच्या कडेला फासली आणि दगड पाच वेळा फिरवला. जिथे दगड लागला तिथली काजळी गेली, बाकी तशीच. कुठे पाठीकडची गेली होती, कुठे फक्त टोकाची. म्हणजे सकाळभर त्याने नुसता पात्याला ओरखडा काढला होता. त्याने बाभळीच्या लाकडाची एक लहान पाचर तासली. ती पात्याला टेकवायची आणि दगड तिच्यावरून उतरवायचा, म्हणजे उतार बदलणार नाही. केवढा उतार, यावर तो बराच वेळ अडला. वस्तऱ्यासारखा पातळ केला तर माशाच्या हाडावर कड मोडेल, कोयत्यासारखा जाड केला तर मांस फाटेल. तीन पाचरी वाया घालवल्यावर मधला जमला.

आता हात चालायला लागला, पण जीव राहीना. एका जागी, एकाच उताराने, एकाच दाबाने वीस वेळा या बाजूने, वीस वेळा त्या बाजूने. कंपनीत त्याला यापेक्षा कठीण कामं येत, पण तिथे काम बदलायचं, माणसं ओरडायची, भोंगा व्हायचा. इथे नुसती खर्र खर्र. हायवेवरून ट्रक गेला की त्याची मान वळायची. मान वळली की दगड घसरायचा, आणि काजळी ते दाखवून द्यायची. बुधवारी संध्याकाळी निळी रेघ सकाळएवढीच दिसली. गुरुवारी त्याच्या मनात घासचाकाचा विचार आला: नुसतं टेकवायचं, पाणी घेऊन, हळू. त्याने गोणपाटही काढलं. मग ते घडी करून त्याच्यावरच बसला.

पुतळी त्या दिवसांत हौसाकाकीची घरची मोरळी घेऊन बाजाराला जात होती. येऊन काही सांगत नसे. नाथाने विचारलं की गेलेली गिऱ्हाइकं बोटांवर मोजून दाखवायची, आज दोघं, आज एक. मग त्याच्याजवळ बसून कानसीने धार तपासायची. कुठे रुतते, कुठे सरकते, हे तिला त्याच्याआधी कळायला लागलं. शनिवारी टोकाकडची आणि मुळाकडची रेघ गेली होती, कानस सरकत होती. मधली वीतभर उरली होती, नेमकी जिथे डोकं कापायचं तिथे.

रविवारी दुपारी, पुतळी बाजारातून आल्यावर, ठेकेदाराचा माणूस मोटरसायकलवर आला. कंपनीत प्लांट उघडलाय, माणसं कमी आहेत, उद्या पहिल्या शिफ्टला हजर व्हायचं. नाही आलास तर यादीतून नाव जाईल आणि दुसऱ्या कुणाचं येईल. एवढं सांगून तो पुढच्या गावी गेला.

महिनाभर ज्या निरोपाची वाट पाहिली तो आला, आणि नाथा दगड हातात धरून तसाच उभा राहिला. मी नाय जात, असं तो म्हणाला, पण त्याचा आवाज त्यालाच खरा वाटला नाही. पुतळीने त्याच्या हातातून दगड घेतला.

“नाव गेलं तर परत लागंल काय? जा तुमी. मला दाखवा.”

त्याने दाखवलं. घाईघाईने, एकावर एक. पाचर अशी, दगड असा, काजळी दर वीस फेऱ्यांनी. मधलं निळं गेलं की मऊ बाजू घ्यायची. एका बाजूने घासलं की दुसऱ्या बाजूला केसाएवढी कड उलटते, नखाला अडकते, कंपनीत तिला बर म्हणतात. ती लागली म्हणजे दगड धारेपर्यंत पोचला. मग बाजू बदलायची. शेवटी ती कड काढायची. पुतळी मध्येच म्हणाली की शेवटाला लोणच्याच्या बरणीचा तळ चालेल, आई तसंच करायची. बरणीच्या तळाला चकाकी नसलेली गोल कड असते, ती. नाथा नाही म्हणायला गेला आणि थांबला. त्याने त्या कडेवरून बोट फिरवलं. दुकानातल्या मऊ दगडापेक्षा ती बारीक होती.

सोमवारी आणि मंगळवारी तो शिफ्ट करून संध्याकाळी परतला, तेव्हा पुतळी लावणीहून येऊन पडवीत बसलेली असायची, पाठमोरी. तो जवळ गेला की म्हणायची, उजेड आडवू नका. मंगळवारी त्याने कानस मागितली, तर ती म्हणाली झालं बघून. रेघ गेली का, हे त्याने विचारलं. गेल्यासारखी दिसते, ती म्हणाली, पण माशावर कळेल.

बुधवारी, गटारीच्या दिवशी, त्याचं कामात लक्ष नव्हतं. एक नट दोनदा उलटा फिरवला. तीन वाजता सुटला आणि मिळेल ती एसटी पकडली. नागोठण्याला गर्दी चढली. गडबचा, त्याच्या गावचा, थांबा आला तेव्हा कंडक्टरने त्याच्याकडे बघितलं, पण तो उठला नाही. पेणला उतरून जवळजवळ पळतच तो मच्छीबाजारात शिरला.

ओळीपुढे माणसांच्या रांगा होत्या. ठाकूर वकील चंद्रावतीपुढे उभे होते. पुतळी त्यांच्याकडे बघत नव्हती आणि तेही तिच्याकडे बघत नव्हते. पण पुतळीच्या टोपलीपुढे पाचसहा जण होते. त्यांतले तिघे तरी नाथाला नवे वाटले. ती वर न बघता कापत होती. सकाळपासून किती कापले असतील, त्याने पाटाशेजारच्या डोक्यांच्या ढिगावरून अंदाज केला. तीस तरी. हेच कळायचं होतं: सकाळी चांगली चालणारी धार नाही, तीस डोक्यांनंतरची.

तो मागून जाऊन वाकला. पात्याकडे हात नेला, नुसतं नख लावून बघायला. पुतळीने कोपराने हात बाजूला केला.

“गिऱ्हाईक हाय. खवलं काढा त्या माशाची.”

चंद्रावतीने मान वळवून विचारलं की माझ्याही मोरळीला एकदा बसेल का तुझा फिटर. पुतळीने मासा पालथा केला आणि म्हणाली, “त्यांना शिफ्ट हाय. मी लावून देन. पण पाच दिवस मोरळी माज्याकडं ठेवावी लागंल.”

“आनि मी काय दातानं कापू?”

ओळीतल्या बायका हसल्या. नाथाने बसून खवले काढायला घेतले, पण डोळे मोरळीवरच. पात्यावर रक्त आणि खवले होते, धार दिसत नव्हती. पुतळीने एका मोठ्या जिताड्याच्या डोक्यामागे पातं टेकवलं आणि एकदाच दाबलं. डोकं वेगळं होऊन त्याच्या गुडघ्याजवळ आलं. त्याने ते उचललं, उजेडाकडे फिरवलं. मांस कुठे चेचलेलं नव्हतं. कण्याचं हाड मधोमध गोल कापलं गेलं होतं, काठाला एकही काडी निघालेली नव्हती. त्याने त्या हाडावरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा. मग गिऱ्हाइकाने पिशवी पुढे केली म्हणून ते डोकं त्याला सोडावं लागलं.